बीजाची शिदोरी : एका अवघड साखरेचा इतिहास

मराठी घरात कडधान्यांविषयी बोलणे निघाले की एक शब्द हमखास कानी पडतो; तो म्हणजे ‘वातूळ’. वाल वातूळ, पावटा वातूळ, हरभरा तर त्याहून वातूळ. आजाऱ्याला उसळ नको, मुगाचे कढण द्या. रात्रीच्या जेवणात वाटाणा नको. म्हाताऱ्या माणसांनी चणे बेताने खावेत, असे जे नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत त्यांच्या मुळाशी हा एकच शब्द आहे. कोकणात आणि गोव्यात वाल, कुळीथ नि अळसांदे, देशावर मटकी, माळव्यात हरभरा. प्रांत बदलला की कडधान्य बदलते, परंतु तक्रार बदलत नाही. आपल्या आयुर्वेदानेही हा भेद फार पूर्वी ओळखला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शेंगांत येणाऱ्या धान्यांमध्ये मूग सर्वांत पथ्यकर आणि उडीद सर्वांत अपथ्यकर असा निवाडा दिलेला आहे.

कडधान्यांच्या या वातूळपणाचे एक प्रमुख कारण आधुनिक रसायनशास्त्राने शोधून काढले आहे. ते कारण म्हणजे एक साखर. तिचे नाव रॅफिनोज. आज मी आपणांस सांगणार आहे तो या साखरेचा इतिहास. हा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. ही साखर चार दशकांत निरनिराळ्या देशांत पुनःपुन्हा सापडली आणि प्रत्येक वेळी तिला नवे नाव मिळाले. ज्याला ती सापडली त्याला बहुधा ती अडचणीची वाटली. कारखानदाराने तिला विघ्न मानले, खाणाऱ्याने व्याधी मानली. ज्या वनस्पतीने ती निर्माण केली, तिला या साखरेचा काय उपयोग, हा प्रश्न मात्र सर्वांत शेवटी विचारला गेला.

प्रारंभ होतो तो ऑस्ट्रेलिया खंडाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटात. त्या काळी त्या बेटास व्हॅन डीमेनची भूमी म्हणत. तेथील निलगिरी जातीच्या काही वृक्षांच्या पानांवर आणि फांद्यांवर एक गोड पदार्थ साठून त्याचे पांढरट खडे बनतात. असा मधुर स्राव भूमध्य समुद्राच्या आसपासच्या देशांत पूर्वापार माहीत होता. तिकडे त्याला ‘मॅना’ म्हणत. टास्मानियातील या मॅनाचा नमुना इंग्लंडात पोहोचला आणि डरहॅम येथील रसायनज्ञ जेम्स जॉन्स्टन यांनी 1843 मध्ये त्याचे पृथक्करण करून त्यातून एक स्फटिकमय साखर वेगळी काढली. पुढे 1856 मध्ये फ्रान्सचे विख्यात रसायनज्ञ मार्सेलँ बर्थलो यांनी तिचा अधिक बारकाईने अभ्यास केला आणि तिला ‘मेलिटोज’ असे नाव दिले. बर्थलोंना त्या साखरेत एक विचित्र गोष्ट आढळली. यीस्ट घालून ती आंबविली असता तिचा काही भाग तेवढा आंबे आणि उरलेला भाग तसाच पडून राही. त्या न आंबणाऱ्या अवशेषाला त्यांनी वेगळे नाव दिले आणि ते पुढच्या कामाकडे वळले. हा अवशेष कसला, या प्रश्नातच आपल्या कडधान्यांच्या तक्रारीचे उत्तर दडले होते. परंतु निलगिरीच्या पानांवरचे खडे आणि स्वयंपाकघरातील वाल यांचा काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही येण्यासारखे नव्हते.

यानंतर दृश्य पालटते आणि आपण युरोपातील साखर कारखान्यांत येतो. आपल्याकडे साखर म्हटली की ऊस आठवतो. युरोपात मात्र ती एका कंदापासून, म्हणजे बीटपासून काढतात. बीटमध्ये उसातलीच साखर असते हे बर्लिनचे रसायनज्ञ मार्गग्राफ यांनी 1747 मध्ये दाखविले. त्यांचे शिष्य आखार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सायलेशिया प्रांतात पहिला कारखाना काढला. नेपोलियनने 1806 मध्ये इंग्लंडशी होणारा व्यापार बंद पाडला तेव्हा वसाहतींतून येणारी उसाची साखर युरोपात दुर्मिळ झाली आणि बीटच्या धंद्याला राजाश्रय मिळाला. शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्स आणि जर्मनी हे बीटसाखरेचे मोठे उत्पादक बनले होते.

साखर काढून झाल्यावर जी मळी उरते तीतही पुष्कळ साखर शिल्लक असते. ती वाया जाऊ नये म्हणून कारखानदार मळीवर पुनःपुन्हा प्रक्रिया करीत. चुन्याचा, पुढे स्ट्रॉन्शियम धातूच्या क्षाराचा उपयोग करून ते मळीतून साखर ओढून काढीत. परंतु जितकी जास्त साखर काढावी तितका तिच्या सोबतचा एक अनोळखी पदार्थ मागे साचत जाई. हा पदार्थ फ्रान्समध्ये लुआझो यांनी 1876 मध्ये वेगळा काढला. फ्रेंच भाषेत शुद्धीकरणाच्या क्रियेला जो शब्द आहे त्यावरून त्यांनी त्याचे नाव ‘रॅफिनोज’ असे ठेवले. म्हणजे ज्या वस्तूमुळे शुद्धीकरणात अडथळा येई, तिलाच शुद्धीकरणाचे नाव मिळाले.

हा अडथळा दोन प्रकारचा होता. पहिला हिशेबाचा. साखरेचे द्रावण एका विशिष्ट प्रकारच्या प्रकाशकिरणाची दिशा उजवीकडे वळविते. ते वळण जितके मोठे तितकी साखर अधिक, या तत्त्वावर ध्रुवणमापक नावाचे यंत्र चालते. कच्च्या साखरेची खरेदी-विक्री याच यंत्राच्या आकड्यावर होत असे. नेहमीच्या साखरेचे हे वळण 66.5 अंश धरले, तर रॅफिनोजच्या स्फटिकांचे सुमारे 105 अंश भरते. साहजिकच ज्या मालात थोडे रॅफिनोज मिसळलेले असेल त्यात असावी त्याहून अधिक साखर आहे असे यंत्र सांगे. या फुगलेल्या आकड्याला जर्मन कारखान्यांत ‘अधिक साखर’ असे थट्टेचे नाव पडले. कागदोपत्री असलेली ही साखर पोत्यात कधीच येत नसे. त्यावर पुढे तोड निघाली. द्रावणात आम्ल घालून तापविले की नेहमीच्या साखरेचे वळण डावीकडे जाते, आणि रॅफिनोजचे मात्र उजवीकडेच राहून निम्म्यावर येते. दोन्ही वेळा माप घेऊन खऱ्याखोट्याची वजाबाकी करता येऊ लागली.

दुसरा अडथळा स्फटिकांचा. साखरेचे दाणे स्वच्छ, घनाकृती पडावेत अशी कारखानदाराची इच्छा असते. रॅफिनोजच्या सहवासात ते सडपातळ आणि सुईसारखे टोकदार होत. शिवाय फार सावकाश वाढत. अनुभवी कामगार दाण्याचा आकार पाहूनच मळीत काय मिसळले आहे ते ओळखीत. रॅफिनोज साखरेला नीट स्फटिक होऊ देत नाही, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. तिचे प्रयोजन पुढे येणार आहे.

याच सुमारास तिसऱ्या ठिकाणी तिसरा शोध लागला. तेल काढून घेतलेल्या सरकीच्या पेंडीत एक साखर सापडली. 1884 मध्ये रिटहाउझेन यांनी ती जॉन्स्टन-बर्थलो यांची मेलिटोजच आहे असे मत दिले. बोम यांनी कापसाच्या लॅटिन नावावरून तिला ‘गॉसिपोज’ म्हटले. एकाच मुलाची तीन गावांत तीन बारशी झाल्यासारखी ही स्थिती होती. हा घोटाळा गटिंगेन येथील टोलेन्स आणि त्यांचे सहकारी रिशबीट यांनी 1885 मध्ये सोडविला. निलगिरीच्या पानांवरची, बीटच्या मळीतील आणि सरकीच्या पेंडीतील साखर ही एकच वस्तू आहे, असे त्यांनी सिद्ध केले. मानाचा पहिला हक्क मेलिटोजचा होता. तरी कारखान्यातले नावच रूढ झाले आणि आजतागायत टिकले.

आता ही साखर घडली आहे कशी ते पाहू. आपण चहात घालतो ती साखर दोन मण्यांची असते. एक मणी ग्लुकोजचा, दुसरा फ्रुक्टोजचा. या जोडीच्या ग्लुकोजकडील टोकाला गॅलॅक्टोजचा एक मणी अधिक ओवला की तीन मण्यांचे रॅफिनोज तयार होते. गॅलॅक्टोज आपणांस अपरिचित नाही. दुधातील साखरेचा तो एक घटक आहे. रॅफिनोजला गॅलॅक्टोजचा आणखी एक मणी जोडला की चार मण्यांची साखर होते. ती 1890 मध्ये फॉन प्लांटा आणि शुल्त्झे यांना स्टॅकिस नावाच्या वनस्पतीच्या गाठाळ कंदांत सापडली, म्हणून तिचे नाव ‘स्टॅकिओज’ झाले. हे कंद मूळचे चीनकडचे. पाईय्यो नावाच्या एका हौशी फ्रेंच बागायतदाराने 1882 च्या सुमारास पॅरिसजवळच्या क्रोन या गावी त्यांची लागवड केली आणि अजूनही फ्रान्समध्ये ते त्या गावाच्याच नावाने विकले जातात. पाच मण्यांची साखर बूर्केलो आणि ब्रिदेल यांनी 1910 मध्ये एका रानटी झुडपाच्या मुळांतून काढली. तिचे नाव ‘व्हर्बॅस्कोज’. ही तिन्ही भावंडे मिळून रॅफिनोजचे कुटुंब होते. वाटाणा, सोयाबीन, तूर, उडीद, मूग, हरभरा, मसूर, वाल अशा बहुतेक सर्व शेंगवर्गीय दाण्यांत या कुटुंबातील कोणी ना कोणी वस्तीला असतेच. सोयाबीनमध्ये स्टॅकिओजचा भरणा अधिक, तर उडीद-मुगात व्हर्बॅस्कोजचा. हरभऱ्यात याच कुळाशी नाते सांगणारा आणखी एक पदार्थ असतो. त्याला 1983 मध्ये हरभऱ्याच्याच लॅटिन नावावरून ‘सिसेरिटॉल’ म्हटले गेले.

या ठिकाणी बर्थलोंच्या न आंबणाऱ्या अवशेषाकडे परत जावयास हवे. 1889 मध्ये शाइब्लर आणि मिट्टेलमायर यांनी रॅफिनोजवर सौम्य आम्लाचा प्रयोग केला. तेव्हा त्याचा फ्रुक्टोजचा मणी सुटला आणि गॅलॅक्टोज-ग्लुकोजची जोडी मागे राहिली. या जोडीला त्यांनी ‘मेलिबायोज’ म्हटले. यीस्टचीही हीच गत होते असे दिसून आले. मद्य बनविणाऱ्यांकडे यीस्टच्या दोन जाती असत. एक पिंपात वर तरंगून काम करणारी, दुसरी तळाशी बसून काम करणारी. वर तरंगणारी जात रॅफिनोजचा फ्रुक्टोज तेवढा खाई आणि मेलिबायोजला तोंडही लावीत नसे. तळाशी बसणारी जात मात्र सारे फस्त करी. या एका साखरेवरून दोन जाती ओळखण्याची युक्तीच निघाली. दोघींत फरक एवढाच होता की गॅलॅक्टोजची गाठ सोडविणारे विकर एकीजवळ होते आणि दुसरीजवळ नव्हते. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरात रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य, ज्याला इंग्रजीवरून आपण एन्झाइम म्हणतो. या विकराचे शास्त्रीय नाव अल्फा-गॅलॅक्टोसिडेज.

गॅलॅक्टोजच्या गाठीपुढे मनुष्याचे आतडेही असेच निरुपाय ठरते. आपल्या लहान आतड्यातील पाचक रसांत पिष्टाचे, साध्या साखरेचे, दुधातील साखरेचे विघटन करणारी विकरे आहेत. अल्फा-गॅलॅक्टोसिडेज मात्र नाही. त्यामुळे उसळीबरोबर पोटात गेलेली ही साखर लहान आतड्याचा सारा प्रवास जशीच्या तशी करते आणि मोठ्या आतड्यात पोहोचते. तेथे कोट्यवधी जीवाणू तिची वाटच पाहत असतात. त्यांच्याजवळ ते विकर आहे. ते साखर फोडतात, आंबवितात आणि त्या क्रियेत हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड हे वायू निर्माण होतात. काही माणसांच्या आतड्यांत मिथेनही तयार होतो. आपल्या पूर्वजांनी ज्याला वात धरणे म्हटले, त्याचा पुष्कळसा उलगडा या क्रियेत सापडतो. सर्व उलगडा मात्र नव्हे. कडधान्याचे जडपण त्यातील तंतू, पिष्ट आणि प्रथिने यांवरही अवलंबून असते आणि आयुर्वेदातील वाताची कल्पना तर पोटातील वायूपुरती मर्यादित नाही. तेव्हा एका साखरेच्या मापाने चरकाचा निवाडा मोजण्याचा प्रयत्न करू नये.

हा विषय सभ्य मंडळींत काढावयाचा नाही असा संकेत सर्वत्र आहे, आणि म्हणूनच की काय, शास्त्रज्ञ त्याकडे उशिरा वळले. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुमारे 1781 मध्ये एका विद्वत्सभेला उद्देशून एक विनोदी पत्र लिहिले होते. अन्नात मिसळून घेतल्यास पोटातील वायू निरुपद्रवी आणि सुगंधी होईल असे औषध शोधणाऱ्यास पारितोषिक ठेवावे, अशी त्यातील सूचना होती. पत्र थट्टेचे होते. पण पावणेदोनशे वर्षांनी हीच थट्टा गंभीर प्रश्न होऊन पुढे आली. 1960 नंतरच्या दशकात माणसे अंतराळात जाऊ लागली. बंद यानात आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या माणसाच्या शरीरातून हायड्रोजन आणि मिथेन हे ज्वालाग्राही वायू किती निघतील, हे आधी ठरविणे भाग होते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आहारशास्त्रज्ञ डॉरिस कॅलोवे यांनी निरनिराळ्या अन्नांचा या दृष्टीने अभ्यास केला. माणसाच्या उच्छ्वासातील हायड्रोजन मोजून आतड्यात काय चालले आहे याचा अंदाज घेण्याची रीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरली. इलिनॉय विद्यापीठातील स्टेगर्डा यांनीही 1968 मध्ये सोयाबीनच्या निरनिराळ्या घटकांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दोष प्रथिनांचा नाही, तेलाचा नाही, तर रॅफिनोज आणि स्टॅकिओज ज्यात असतात त्या साखरेच्या अंशाचा आहे, असे या सर्व कामातून ठरत गेले.

प्रयोगशाळेत हा शोध लागण्यापूर्वी कितीतरी शतके स्वयंपाकघरात त्यावर उपाय चालू होते, याचा आपणांस अभिमान वाटावयास हरकत नाही. मटकी किंवा वाल रात्रभर भिजत घालावयाचे, सकाळी ते पाणी ओतून टाकावयाचे, दाणे ओल्या फडक्यात गच्च बांधून ठेवावयाचे आणि मोड आल्यावर उसळ करावयाची. या प्रत्येक पायरीला रसायनशास्त्राचा आधार आहे. ही साखर पाण्यात विरघळणारी आहे. भिजवणीच्या पाण्याबरोबर तिचा काही भाग निघून जातो. ती नुसती शिजविल्याने फारशी तुटत नाही. म्हणून भिजवल्यावाचून केलेली उसळ कितीही मऊ शिजली तरी बाधते. आणि मोड येताना तर दाणा स्वतःच अल्फा-गॅलॅक्टोसिडेज कामाला लावतो. दोन-तीन दिवसांत या साखरेचा मोठा भाग तो स्वतःच वापरून टाकतो. जे विकर आपल्या आतड्यात नाही ते बीजाकडून उसने घेण्याची ही युक्ती होय. इडली-डोशासाठी उडीद आंबविताना त्यात वाढणारे जीवाणूही ही साखर बऱ्याच अंशी फोडतात. हिंग, ओवा आणि सुंठ यांचे काम निराळे. ती साखर तोडीत नाहीत. पोटात धरलेला वायू मोकळा व्हावा म्हणून आपल्याकडे त्यांची योजना झाली आहे.

येथवर आपण मनुष्याच्या बाजूने बोललो. आता बीजाची बाजू ऐकू. वाटाण्याच्या वेलीने किंवा हरभऱ्याच्या रोपाने ही अवघड साखर काही आपल्याला छळण्यासाठी बनविली नाही. झाडावर दाणा पक्व होऊ लागला की तो वाळतो. त्यातील बहुतेक पाणी निघून जाते. पाणी गेले की सामान्य जिवंत पेशी मरते, कारण तिच्या नाजूक पटलांची घडी विस्कटते. बीज मात्र मरत नाही. नेमक्या या वाळण्याच्या काळातच त्यात रॅफिनोजचे कुटुंब साठत जाते. 1988 मध्ये लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासंबंधी एक विचार मांडला. वाळत्या पेशीत पाण्याची जागा साखर घेते आणि पटलांना आधार देते. परंतु त्या साखरेचे स्फटिक झाले तर तो आधार नाहीसा होईल. जवळ रॅफिनोज असले म्हणजे साखर स्फटिक होत नाही, काचेसारख्या घट्ट स्थितीत राहते.

मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेली गोष्ट येथे आठवावी. साखरेला नीट स्फटिक होऊ न देणे हाच तर युरोपातील कारखानदारांच्या दृष्टीने रॅफिनोजचा दोष होता. ज्या गुणामुळे त्यांचे दाणे बिघडत, त्याच गुणामुळे कोठारातील हरभऱ्याचा दाणा महिनोन्‌महिने कोरडा पडूनही जिवंत राहत असला पाहिजे, असा या विचाराचा अर्थ होतो. पुढील प्रयोगांनी हे चित्र इतके सरळ नाही असे दाखविले. बीज टिकविण्यात इतरही द्रव्यांचा वाटा असतो आणि रॅफिनोज कमी असूनही काही बीजे टिकतात. तरी बीजाने ही साखर योगायोगाने साठविली नाही, हे मान्य झाले आहे. भोपळ्याच्या आणि काकडीच्या वर्गातील वेलींत तर पानांत तयार झालेले अन्न दूरच्या फळापर्यंत वाहून नेण्याचे काम स्टॅकिओज आणि रॅफिनोज करतात. थंडी पडली की पुष्कळ वनस्पतींत रॅफिनोज वाढते. वनस्पती ही मण्यांची माळ कशी ओविते, तेही आता माहीत झाले आहे. 1953 मध्ये ब्राउन आणि सेर्रो यांना बीटमध्ये ‘गॅलॅक्टिनॉल’ नावाचा पदार्थ सापडला. गॅलॅक्टोजचा मणी हातात धरून साखरेला जोडणारा कारागीर तोच, हे 1966 मध्ये टान्नर आणि कांडलर यांनी घेवड्यावरील प्रयोगांनी दाखविले.

मग प्रश्न असा येतो, की या साखरेचे करावे काय? गेल्या अर्धशतकात त्याची तीन उत्तरे पुढे आली. पहिले उत्तर विकराचे. जपानातील होक्काइडो बेटावर बीट पिकते. तेथील संशोधकांनी 1969 च्या सुमारास एका बुरशीपासून अल्फा-गॅलॅक्टोसिडेज मिळवून मळीतील रॅफिनोजचे साध्या साखरेत रूपांतर केले आणि ही रीत कारखान्यात उतरविली. लुआझोंच्या विघ्नातून साखर परत मिळाली. 1990 च्या सुमारास अमेरिकेत हेच विकर जेवणाबरोबर घेण्याच्या औषधरूपाने दुकानांत आले. फ्रँकलिनच्या थट्टेचे पारितोषिक कोणाला द्यावयाचेच झाले तर ते या औषधाला द्यावे लागेल; सुगंधाची अट तेवढी अपुरी राहिली.

दुसरे उत्तर पीकसुधारकांचे. ज्या दाण्यांत ही साखर मुळातच थोडी आहे असे वाण निवडावेत किंवा निर्माण करावेत. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 1972 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत, म्हणजे इक्रिसॅटमध्ये, हरभरा आणि तूर यांवर मोठे काम झाले आहे. तेथील शास्त्रज्ञांनी 1982 मध्येच देशी आणि काबुली हरभऱ्यांतील या साखरांची मापे घेतली होती. अमेरिकेत तर रॅफिनोज-स्टॅकिओज फार कमी असलेले सोयाबीन तयारही झाले. पण येथे एक सावधगिरीचा प्रश्न उभा राहतो. 2007 मध्ये वाटाण्यावर झालेल्या एका प्रयोगात ही साखर तोडण्याची क्रिया औषधाने रोखली तेव्हा मोड उशिरा आले. उलट 2009 मध्ये सोयाबीनवर केलेल्या अभ्यासात ही साखर नसतानाही बीज नीट उगवते असा निष्कर्ष निघाला. म्हणजे सर्व पिकांना एकच नियम लागू नाही. शेतकरी बी पेरतो ते प्रयोगशाळेच्या उबदार कपाटात नव्हे, मृगाच्या चिखलात किंवा हस्ताच्या ओलीवर. आपल्या पोटाची सोय पाहताना त्याच्या शेतातील उगवण बिघडणार नाही ना, एवढे पाहून मगच पाऊल टाकावयास हवे.

तिसरे उत्तर सर्वांत अनपेक्षित आहे. ही साखर काढूच नये, असे ते उत्तर सांगते. मोठ्या आतड्यातील ज्या जीवाणूंना ती आवडते त्यांत बिफिडोबॅक्टेरियम या जातीचे जीवाणू प्रमुख आहेत आणि ते शरीराला हितकर मानले जातात. साखर आंबविताना जी सौम्य आम्ले तयार होतात, त्यांवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे पोषण होते. जपानने 1991 मध्ये आरोग्याला विशेष उपकारक अशा खाद्यांना मान्यता देण्याची पद्धत सुरू केली. तीत सोयाबीनपासून काढलेल्या याच साखरांनाही पुढे स्थान मिळाले. जी वस्तू पेंडीत आणि मळीत टाकाऊ म्हणून पडून होती, तीच डब्यात भरून आरोग्यासाठी विकली जाऊ लागली.

या तीन उत्तरांतून एकच निवडण्याचे कारण नाही. ज्याचे आतडे नाजूक आहे, जो आजारातून उठला आहे, ज्याला उसळीने खरोखर त्रास होतो, त्याने जपावे. त्याच्यासाठी मुगाचे कढण आहे, मोड आहेत, आंबवण आहे. निरोगी माणसाने मात्र ‘वातूळ’ या एका शब्दाने भिऊन कडधान्य ताटातून उठवू नये. ज्या घरांत मांस-मासळी नाही किंवा परवडत नाही, तेथे डाळ आणि उसळ हाच प्रथिनांचा मुख्य आधार असतो. वाढत्या मुलाच्या पानातून तीच गेली, तर पोटातील थोड्याशा वायूच्या भीतीने आपण त्याच्या अंगातील बळच कमी करू. मुलाला सवय हळूहळू लावावी, दाणे भिजवून मोड आणून द्यावेत, प्रारंभी प्रमाण बेताचे ठेवावे, परंतु द्यावेत.

श्रोतेहो, एका साखरेच्या या दीड-दोनशे वर्षांच्या इतिहासात मला सर्वांत बोधप्रद वाटते ते हे, की वस्तूचा दोष कोणता आणि गुण कोणता हे बहुधा पाहणाऱ्याच्या गरजेवरून ठरते. मळीतील विघ्न, सरकीतील अनाम साखर, अंतराळयानातील धोका आणि आतड्यातील मित्रजीवाणूंचा आहार, ही सारी एकाच द्रव्याची वर्णने आहेत. यांपैकी कोणतेही खोटे नाही. पण सर्वांत जुने नाते बीजाचे आहे. मातृवृक्षाने कोरड्या दिवसांसाठी आणि मोडाच्या पहिल्या घासासाठी आपल्या लेकराच्या पदरी बांधून दिलेली ही शिदोरी आहे. आपण उसळ खातो तेव्हा तीत वाटेकरी होतो. भिजवणीचे पाणी ओतून, फडक्यात दाणे बांधून, मोडाला दोन दिवस वेळ देऊन, बीजाने आपला वाटा घेतल्यावर मग आपला वाटा घेणारी आपल्या घरची ती जुनी रीत म्हणूनच मला मोठी शहाणपणाची वाटते.